क्रेऑनची अवतरणे

गेल्या वर्षी महाविद्यालयीन विभागप्रमुखांसाठी भरलेल्या एका दोन दिवसांच्या प्रशिक्षणवर्गास आम्ही तिघे मराठीचे अध्यापक हजर होतो. हजेरी सक्तीची होती हे सांगावयास नको. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी एक चार पानी टिपण वाटण्यात आले. वर संगमरवरी खांबांचे चित्र, आत सोलोन, बायस, पेरिअँडर, सोफोक्लीझ, ॲरिस्टॉटल यांच्या नावांवर एकेकदोनदोन सुवचने, आणि अखेरीस निष्कर्ष असा की, अधिकाराचा आदर करावा व सत्ता हाती आल्यास ती चांगुलपणाने वापरावी, हेच प्राचीन ग्रीकांचे शहाणपण होय. असली टिपणे फाईलला लावून विसरावयाची असतात. आम्हीही विसरलो असतो.

परंतु चर्चेच्या वेळी आमच्यापैकी एकाने उठून एक साधा प्रश्न केला. विद्यार्थ्यांकडून निरनिराळ्या नावांनी जी शुल्के घेतली जातात त्यांचा वर्षअखेरचा हिशेब विद्यार्थ्यांना पाहावयास मिळावा की नाही, आणि मिळावा असे म्हणत असाल तर तो कोणी, कोठे आणि किती दिवस ठेवावा? वक्त्यांनी स्मित केले आणि म्हणाले, ‘सर, सॉक्रेटिसाने विषाचा प्याला घेतला, पण व्यवस्थेला प्रश्न विचारला नाही.’ सभागृहाने माना डोलावल्या. मागून कोणीतरी टाळीही वाजवली. प्रश्न तेथेच संपला.

सत्तर वर्षांच्या आयुष्यात ज्याने लोकांना अडवून प्रश्न विचारण्यापलीकडे दुसरा उद्योग म्हणून केला नाही, त्याच माणसाचे नाव एक प्रश्न बंद पाडण्यासाठी वापरले गेले, आणि ते कोणाला खटकले नाही. हा लेख त्या वक्त्यांविरुद्ध नाही. ते सज्जन गृहस्थ आहेत व त्यांनी हे कोठेतरी वाचलेच असणार. आमचा वाद आहे तो अशा वाचनाशी आणि अशा वाचनावर पोसलेल्या आपल्या एका समजुतीशी. ग्रीकांनी सत्तेविषयी जो विचार केला त्याचा रोख शासितांना नम्रता शिकवण्याकडे नव्हता. सत्ता ज्याच्या हाती जाईल तो बिघडेल, हे गृहीत धरून त्याला आधी तपासावे कसे, मध्ये रोखावे कसे आणि शेवटी त्याच्याकडून हिशेब घ्यावा कसा, याकडे तो होता. हा विचार सुवचनांत सापडत नाही. तो नाटकांत, कज्ज्यांत आणि कायद्यांच्या रूक्ष कलमांत सापडतो, आणि तेथे कोणी जात नाही.

प्रथम सोफोक्लीझ, कारण तो आमच्या विषयातला. टिपणात त्याच्या नावावर दोन वचने होती. पहिल्याचा आशय असा की, माणूस राज्यकारभारात व कायदे करण्यात कसाला लागेपर्यंत त्याचे मन, विचार व निर्णयशक्ती यांची ओळख पटत नाही. दुसऱ्याचा असा की, नगराने ज्याला अधिकारावर बसवले त्याचे ऐकावे, कारण बेबंदशाहीसारखे दुसरे अरिष्ट नाही. दोन्ही वचने ‘अँटिगनी’ या नाटकातील आहेत हे खरे. परंतु ती सोफोक्लीझची नाहीत. ती क्रेऑनची आहेत. तळीरामाने केलेली दारूची तरफदारी ‘राम गणेश गडकरी म्हणतात’ म्हणून कोणी व्यसनमुक्तीच्या फलकावर लिहिली, तर आपण हसू की नाही? तोच हा प्रकार. नाटकातले वाक्य कोणाच्या तोंडचे, कोणत्या प्रसंगी उच्चारलेले आणि पुढे त्याचे काय झाले, हे पाहावयास आम्ही प्रथम वर्षाच्या मुलांना शिकवतो.

प्रसंग असा आहे. थीब्जच्या गादीसाठी लढताना ईडिपसचे दोन्ही मुलगे एकमेकांच्या हातून मेले आहेत. त्यांचा मामा क्रेऑन आदल्या दिवसापर्यंत राजा नव्हता, आज आहे. वृद्धांना बोलावून तो पहिले भाषण करतो. सत्तेत माणसाची पारख होते हे तो तेथे म्हणतो, आणि त्याच भाषणात एका भाच्यास सन्मानाने मूठमाती देण्याची व दुसऱ्याचे प्रेत कुत्र्यागिधाडांसाठी उघडे टाकण्याची आज्ञा फर्मावतो. पुढचे सबंध नाटक म्हणजे त्याने स्वतःच सांगितलेली ती परीक्षा आहे, आणि तो तीत नापास होतो. मृताला मूठमाती मिळाली पाहिजे हा देवांचा अलिखित नियम म्हणून भाऊ पुरणारी अँटिगनी पकडली जाते. तिचा वाग्दत्त वर आणि क्रेऑनचा मुलगा हेमॉन बापाला समजावण्यास येतो. दुसरे वचन या प्रवेशातले आहे. आणि त्यात एक शेपूट आहे, जे सुवचनांचे संग्राहक हटकून कापतात. क्रेऑन नुसते ‘ऐकावे’ म्हणत नाही. लहानसहान गोष्टींत, न्याय्य गोष्टींत आणि त्यांच्या उलट असलेल्या गोष्टींतही ऐकावे, असे म्हणतो. न्याय्याच्या उलट काय असते ते सांगण्याची गरज नाही. सोफोक्लीझने हे शब्द त्याच्या तोंडी घातले ते त्याचा तोल कोठे सुटला ते प्रेक्षकांना ऐकू यावे म्हणून. आपण तेवढेच शब्द गाळून उरलेल्याची चौकट करून भिंतीवर लावतो.

हेमॉनचे उत्तर कोणत्याही संग्रहात आम्हांस आढळले नाही. तो बापाचा अपमान करीत नाही. आरंभी तर फारच आदराने बोलतो. सामान्य माणूस तुमच्या नजरेला भिऊन तुमच्यासमोर बोलत नाही, पण अंधारात नगर त्या मुलीसाठी हळहळते आहे, हे मला ऐकू येते, एवढेच तो प्रथम सांगतो. पुरात वाकणारी झाडे टिकतात आणि ताठ राहणारी मुळासकट जातात, शिडाची दोरी ढिली न सोडणाऱ्याची नाव उलटते, असे दाखले देतो. राज्य कसे करावे हे आता नगराने मला शिकवायचे काय, असे क्रेऑन विचारतो, तेव्हा एकाच माणसाचे असेल ते नगरच नव्हे, असे तो म्हणतो. आणि नगर सत्ताधाऱ्याच्या मालकीचेच असते असा बापाचा हट्ट ऐकल्यावर, ओसाड माळावर तुम्ही एकटे छान राज्य कराल, असे सुनावतो. अधिकाराचा खरा आदर या नाटकात कोणी केला असेल तर तो या मुलाने: बापाला खरे सांगून.

शेवट ठाऊक असेलच. अंध द्रष्टा तायरेसिअस येऊन बजावतो तेव्हा क्रेऑन घाबरतो. वृद्ध त्याला सांगतात की, आधी गुहेतून मुलीला सोडव आणि मग प्रेताला थडगे दे. तो नेमका उलट क्रम धरतो. आधी प्रेताची व्यवस्था लावतो आणि मग गुहेकडे जातो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. मग हेमॉन जातो, मग राणी युरिडिसी. चूक कबूल केल्यावरही सत्ताधारी आधी मेलेल्याचे पाहतो आणि जिवंत माणूस दुसऱ्या क्रमांकावर राहतो, हा तपशील आम्हांस या नाटकातील सर्वांत भेदक तपशील वाटतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. क्रेऑनचे पहिले भाषण प्रत्यक्ष ग्रीकांनीही उपदेश म्हणून वापरले होते. इ. स. पू. ३४३ मध्ये डेमॉस्थेनीस या वक्त्याने भर न्यायसभेत हे भाषण कारकुनाकडून वाचून घेतले. पण ते कशासाठी, हे पाहावे. मॅसिडोनच्या फिलिपकडे तीन वर्षांपूर्वी गेलेल्या शिष्टमंडळातील एस्किनीस याच्या कामगिरीच्या हिशेबाचा तो खटला होता. एस्किनीस पूर्वी नट होता आणि, डेमॉस्थेनीसच्या म्हणण्याप्रमाणे, त्याने क्रेऑनची भूमिका अनेकदा केली होती. जी वाक्ये तू रंगभूमीवर घोकून म्हणत होतास, ती अधिकारपद मिळाल्यावर कशी विसरलास, असा डेमॉस्थेनीसचा प्रश्न होता. म्हणजे अथेन्समध्ये हे अवतरण वापरले गेले ते वरच्याला खाली खेचण्यासाठी, खालच्याला गप्प बसवण्यासाठी नव्हे. (एस्किनीस त्या खटल्यातून सुटला. अवतरणांनी खटले जिंकता येत नाहीत, हेही त्यातून कळते.)

येथे आम्ही आमचाही दोष कबूल केला पाहिजे. मराठीच्या एम. ए. ला ग्रीक शोकात्मिका शिकवली जाते ती ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रापुरती. गो. वि. करंदीकरांनी तो ग्रंथ मराठीत आणला, पु. ल. देशपांड्यांनी ‘राजा ओयदिपौस’ लिहिले, त्यामुळे आमची मोठीच सोय झाली. पण आम्ही त्या सोयीचा उपयोग काय केला? नायकाचा प्रमाद, करुणा आणि भय, भावविरेचन, टीप लिहा, गुण दहा. सोफोक्लीझ हा इ. स. पू. ४४३-४२ मध्ये अथेन्सच्या मित्रसंघाच्या खजिनदारांपैकी एक होता, पुढे दोन वर्षांनी पेरिक्लीसच्या बरोबरीने सेनापती होता, म्हणजे ज्याने क्रेऑन लिहिला त्याने स्वतः अधिकार भोगलेला होता, हे आम्ही किती वर्गांत सांगितले? पेरिक्लीसने ज्याच्या प्रयोगाचा खर्च उचलला त्या एस्किलसच्या ‘पर्शियन’ या नाटकात, इ. स. पू. ४७२ मध्ये, राणी आपल्या मुलाविषयी म्हणजे सम्राट झर्क्सीसविषयी सांगते की, तो हरला तरी नगराला उत्तर देण्यास बांधलेला नाही. अथेन्सच्या प्रेक्षागृहात हे ऐकताना हजारो माणसांना काय वाटले असेल? कारण त्यांच्याकडे नगराला उत्तर देण्यास बांधलेला नाही असा एकही अधिकारी नव्हता. पण आमचे विद्यार्थी या वाक्यापर्यंत येतच नाहीत. त्यांना भावविरेचन येते. हिशेबाचा हा विचार त्यांच्यापर्यंत आम्ही पोचू दिला नाही, आणि ती रिकामी जागा सुविचारवाल्यांनी भरली.

टिपणातील ऋषिमंडळाचे आता थोडक्यात. ग्रीसच्या ‘सात शहाण्यां’च्या काही याद्यांत करिंथचा पेरिअँडर आहे. या पेरिअँडरने मायलिटसच्या थ्रॅसिब्यूलसला, राज्य सुरक्षित कसे ठेवावे, असे विचारण्यास दूत पाठवला. थ्रॅसिब्यूलस काही न बोलता त्याला शेतात घेऊन गेला आणि इतरांहून वर आलेले प्रत्येक कणीस छाटून फेकत चालला. दूताला काही उमगले नाही. पेरिअँडरला उमगले, आणि त्याने करिंथमधील डोके वर काढणारी माणसे संपवली. ही कथा हिरोडोटसने दिली आहे. प्लेटोने ‘प्रोटॅगोरस’मध्ये दिलेल्या यादीत पेरिअँडर नाही, त्याच्या जागी मायसन नावाचा एक अप्रसिद्ध माणूस आहे. पेरिअँडरला शहाण्यांत बसवावे की नाही याचा खल प्राचीनांतही झाला होता, एवढे टिपणकर्त्यांना ठाऊक असते तरी पुरते. बायसचे म्हणणे, की अधिकार माणसाला उघडा पाडतो, ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रात न्यायाचा विचार करताना उद्धृत केले आहे. स्वतःपुरते सद्गुणी असणे पुष्कळांना जमते, दुसऱ्यांच्या संबंधात ते जमत नाही, असा तेथे संदर्भ आहे. ही साहेबाची स्तुती नव्हे. आणि आधी आज्ञा पाळावयास शिका म्हणजे आज्ञा करता येईल, हे जे ॲरिस्टॉटलच्या नावाने सांगितले जाते, ते त्याने ‘राज्यशास्त्रा’त आळीपाळीने अधिकार चालवणाऱ्या समान नागरिकांविषयी सांगितले आहे. आज जो हुकूम सोडतो त्याने उद्या खाली बसावयाचे आहे, हे तेथे गृहीत आहे. जन्मभर एकाने आज्ञा करावी व इतरांनी जन्मभर शिकत राहावे, असा त्याचा अर्थ लावणे म्हणजे निम्मे वाक्य वाचणे.

सोलोनला मात्र एवढ्यावर सोडता येत नाही. इ. स. पू. ५९४ मध्ये त्याला अथेन्सने असाधारण अधिकार दिले. शेतकरी कर्जात बुडाले होते. शरीर गहाण टाकून घेतलेल्या कर्जापायी माणसे गुलाम म्हणून विकली जात होती. त्याने कर्जे रद्द केली आणि देहाच्या तारणावर कर्ज देणे कायमचे बंद केले. त्याच्या काही मित्रांना हा बेत आधी कळला, त्यांनी कर्जे काढून जमिनी घेतल्या आणि मग कर्जमाफी झाली. सोलोनवर त्याचा ठपका आला. सत्तेच्या कथेत मित्रमंडळींचा अध्याय अडीच हजार वर्षांपूर्वीही होता तर! पण सोलोनचे मोठेपण पुढे आहे. तू हुकूमशहा हो, असे लोक त्याला म्हणत होते आणि तो होत नाही म्हणून त्याला वेडा ठरवीत होते. त्याने कायदे लिहून दिले आणि दहा वर्षांसाठी देश सोडला. सत्ता चांगली वापरणे म्हणजे गोड बोलणे नव्हे. ज्या खुर्चीवरून आपण उठू शकतो तीवरून उठणे, आणि आपल्यामागे आपण नसतानाही चालेल अशी व्यवस्था ठेवणे, हा त्याचा अर्थ सोलोनने कृतीने लावला.

ही व्यवस्था पुढच्या दोन शतकांत अथेन्समध्ये वाढली, आणि आमच्या मते ग्रीकांचे या विषयातील खरे शहाणपण येथे आहे. त्याची बरीचशी माहिती ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ‘अथेन्सची राज्यव्यवस्था’ या पुस्तकातून मिळते. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांवरून ते १८९१ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुवचने नाहीत; कार्यपद्धती आहेत, आणि आम्हांस त्या वाचताना एखाद्या कादंबरीसारखी गोडी लागली.

बहुतेक पदे चिठ्ठीने भरली जात. निवड झाल्यावर पद हाती येण्यापूर्वी छाननी होई. आर्कन म्हणजे मुख्य दंडाधिकारी होणाऱ्यास विचारीत: तुझा बाप कोण, आई कोण, कुलदैवते कोठे आहेत, पूर्वजांची थडगी कोठे आहेत, आईबापांना तू नीट वागवतोस काय, कर भरतोस काय, लष्करी मोहिमांवर गेला आहेस काय. साक्षीदार आणावे लागत. मग पुकारा होई की, या माणसाविरुद्ध कोणास काही म्हणावयाचे आहे काय? विद्वत्तेविषयी, पदव्यांविषयी किंवा नेतृत्वगुणांविषयी एकही प्रश्न नव्हता. जो आईबापांना नीट वागवीत नाही तो नगराला कसा वागवील, एवढाच सरळ हिशेब.

पद मिळाल्यावरही सुटका नव्हती. वर्षाचे दहा भाग केलेले असत आणि प्रत्येक भागात एकदा लोकसभेपुढे प्रश्न येई की, अधिकारी आपापले काम ठीक करीत आहेत काय. ठीक नाही असे हात वर झाले की तो अधिकारी दूर होऊन खटल्यास सामोरा जाई. पेरिक्लीसएवढा पुरुषही यातून सुटला नाही. इ. स. पू. ४३० मध्ये, युद्ध आणि रोगाची साथ यांनी नगर पोळलेले असताना, लोकांनी त्याला सेनापतिपदावरून काढले आणि दंड केला. थोड्याच काळात त्याला पुन्हा निवडूनही दिले. ज्याचा आदर करतो त्याला दंड करता येतो आणि ज्याला दंड केला त्याचा आदर करता येतो, ही गोष्ट त्या लोकांना अवघड वाटली नाही. आपल्याकडे प्राचार्यांच्या एखाद्या परिपत्रकातील व्याकरणाची चूक दाखवली तरी तो व्यक्तिगत आकस ठरतो.

आणि वर्ष संपले की हिशेब. याला ते यूथिना म्हणत; सरळ करणे असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. चिठ्ठीने निवडलेले दहा हिशेबतपासनीस प्रत्येक निवृत्त अधिकाऱ्याचे हिशेब पाहून प्रकरण न्यायसभेपुढे नेत. अपहार किंवा लाच सिद्ध झाल्यास दंड मूळ रकमेच्या दसपट. हिशेब मंजूर होईपर्यंत त्या माणसाला देश सोडता येत नसे, आपली मालमत्ता देवाला वाहता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे. पुजाऱ्यांनाही यातून सूट नव्हती. ज्याच्या हातून एक ओबोलही गेला नाही त्यानेही, मी नगराचे काही घेतले नाही व काही खर्चले नाही, असे लिहून द्यावयाचे. आणि त्यालाही कोणी खोटे पाडू शकत असे. हा तपशील एस्किनीसच्या इ. स. पू. ३३० मधील भाषणात आहे, आणि तो खटला आपल्या मंडळींनी अवश्य वाचावा. त्याचा विषय होता सत्कार! डेमॉस्थेनीसला सोन्याचा मुकुट अर्पण करावा असा ठराव टेसिफॉन या नागरिकाने मांडला होता. हिशेब देणे बाकी असलेल्या अधिकाऱ्याचा असा गौरव करता येत नाही असा कायदा होता, म्हणून एस्किनीसने ठराव बेकायदा म्हणून आव्हान दिले. या खटल्यात एस्किनीस वाईट हरला; लोकांना डेमॉस्थेनीस प्रिय होता. पण कायदा काय होता ते पाहा. आधी हिशेब, मग हार. शाल, श्रीफळ आणि मानपत्र यांची आपल्याकडची वर्षभराची उलाढाल डोळ्यांपुढे आणा आणि हे कलम येथे लागू झाले तर किती मंडप ओस पडतील याचा अंदाज घ्या.

अथेन्सचे आम्ही गोडवे गात आहोत असे कोणी समजू नये. त्या नगरात बायकांना व परकीयांना मताचा अधिकार नव्हता, गुलामांना तर काहीच नव्हते. ज्या नागरिकाचे हक्क वर सांगितले तो लोकसंख्येचा एक लहान भाग होता. मित्रसंघातील नगरांना अथेन्सने कधी हिशेब दिला नाही. इ. स. पू. ४१६ मध्ये मेलॉस बेटावरील लोकांना अथेन्सचे दूत जे सुनावतात, की बलवान करू शकतो ते करतो आणि दुबळा सोसावे लागते ते सोसतो, तेही हल्ली थ्युसिडिडीझचे शहाणपण म्हणून फिरते. ते दूतांचे बोलणे आहे. आणि थ्युसिडिडीझने त्याच्या लगेच पुढे अथेन्सच्या सिसिलीवरील मोहिमेची कहाणी मांडली आहे, जिच्यात हेच बलवान खाणींत कोंडून मेले. हिशेबतपासणीतही डोळेझाक होतच असे. स्पार्टाच्या राजाला मागे फिरवण्यासाठी पेरिक्लीसने दहा टॅलंट चारले आणि हिशेबात ‘आवश्यक कामासाठी’ असे दाखवले व लोकांनी जास्त न विचारता ते मंजूर केले, असे प्लुटार्क सांगतो. किरकोळ खर्च हे खातेही फार प्राचीन आहे.

पण नगराच्या या उणिवा दाखवून हिशेबाची कल्पना रद्द होत नाही. उलट, जेथे हिशेब नव्हता तेथेच अथेन्स क्रूर झाले, हे यावरून दिसते. सॉक्रेटिसाचे चरित्र नेमके याच ठिकाणी उभे आहे, आणि आता त्या वक्त्यांच्या वाक्याकडे वळले पाहिजे.

सॉक्रेटिसाने व्यवस्थेला प्रश्न विचारला नाही काय? इ. स. पू. ४०६ मध्ये आर्जिन्युसीच्या आरमारी लढाईनंतर, वादळामुळे बुडणाऱ्यांना वाचवले नाही म्हणून, आठ सेनापतींना एकाच मताने एकत्र दोषी ठरवण्याचा ठराव आला. प्रत्येकाचा स्वतंत्र न्याय झाला पाहिजे या कायद्याविरुद्ध तो होता. लोक खवळले होते. सभेचे कामकाज चालवणाऱ्या समितीत त्या दिवशी सॉक्रेटीस होता. बाकीचे धमक्यांना भ्याले; त्याने एकट्याने ठरावाला संमती नाकारली. हाती सापडलेल्या सहा सेनापतींना मारले गेले, आणि पुढे अथेन्स पस्तावले. दोन वर्षांनी लोकशाही मोडून तीस जणांचे जुलमी मंडळ आले. त्यात प्लेटोचा आप्त आणि सॉक्रेटिसाच्या ओळखीचा क्रिटिअस होता. त्या मंडळाने पाच जणांना बोलावून सॅलमिसच्या लिऑनला पकडून आणण्यास सांगितले, म्हणजे ठार मारता यावे. चौघे गेले आणि घेऊन आले. सॉक्रेटीस घरी गेला. एकदा लोकसभा, एकदा हुकूमशाही. दोन्ही वेळा अधिकाऱ्यांची आज्ञा, आणि दोन्ही वेळा नकार. हे दोन्ही प्रसंग प्लेटोने त्याच्या बचावाच्या भाषणात त्याच्याच तोंडून सांगितले आहेत, आणि त्याच भाषणात तो न्यायाधीशांना असेही सांगतो की, तत्त्वचिंतन सोडण्याच्या अटीवर मला सोडत असाल तर मी तुमच्यापेक्षा देवाचे ऐकेन.

मग तुरुंगातून पळाला का नाही? ‘क्रिटो’ या संवादात कायदेच त्याच्याशी बोलतात. ते त्याला नुसते ‘पाळ’ म्हणत नाहीत. आम्हांला पटवून दे, नाहीतर पाळ, असा त्यांचा दोन वाटांचा करार आहे, आणि पटवण्याची वाट त्याला अखेरपर्यंत मोकळी होती. तो बोलला, हरला, आणि शिक्षा त्याने घेतली. ‘क्रिटो’मधील युक्तिवादाशी आमचेही पुरते जमत नाही, आणि बचावाच्या भाषणाशी तो कसा जुळतो याविषयी अभ्यासकांत जुना वाद आहे. पण त्यात मान आहे तो कायद्याला; खुर्चीवर बसलेल्या अमुक गृहस्थांना नाही. अन्याय सोसण्यास तो तयार झाला, अन्याय करण्याची आज्ञा पाळण्यास कधीच नाही. प्रशिक्षणवर्गात आपणांस शिकवले जाते ते बरोबर याच्या उलट.

राहिला आमच्या सहकाऱ्याचा प्रश्न: हिशेब कोणी, कोठे आणि किती दिवस ठेवावा. त्याचे उत्तर टिपणात नव्हते. अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील त्या पुस्तकात आहे. न्यायसभेपुढचा हिशेब झाल्यावरही, कोणाचे काही राहून गेले असेल म्हणून, प्रत्येक कुळाचा तपासनीस आपल्या मदतनिसांसह बाजाराच्या वेळी भर चौकात आपापल्या कुळाच्या वीरपुरुषाच्या पुतळ्याशी बसे. तेथे तीन दिवसांच्या आत कोणीही नागरिक येऊन एका पांढरी केलेल्या फळीवर स्वतःचे नाव, अधिकाऱ्याचे नाव, त्याने काय गैर केले आणि त्याला किती दंड व्हावा, हे लिहून देई. तपासनीस ती फळी वाचून, तक्रार योग्य वाटल्यास, पुढे पाठवी. आमच्या महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारी पुतळा आहे, आणि त्याच्या शेजारी फळाही आहे. त्यावर रोज एक सुविचार लिहिला जातो. हा लेख लिहावयास बसलो त्या दिवशी त्यावर सोफोक्लीझ होता. दोन वचनांपैकी दुसरे, शेपूट कापलेले.